वेशीबाहेरचा अंधार

झाशी शहराच्या तटाला जे दहा दरवाजे सांगतात, त्यांपैकी पूर्वेकडचा एक लक्ष्मी दरवाजा. किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधला, शहराची वाढ नारो शंकरांच्या वेळी झाली आणि शहराभोवतीचा तट शिवरावभाऊंच्या सुभेदारीत उभा राहिला. म्हणजे झाशीची ही वेस मराठी माणसानेच घातलेली आहे. दरवाज्याबाहेर लक्ष्मी तलाव, त्याच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ आणि जवळच १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री. आज शहर या सर्वांच्या कितीतरी पलीकडे गेले आहे.

नोकरीच्या निमित्ताने झाशीस आलो, तेव्हा सामानात चार इंची दुर्बीण होती. सरकारी नोकराने बदलीच्या गावी पहिल्या संध्याकाळी काय करावे, याचे नियम नाहीत. मी लक्ष्मी दरवाज्याशी जाऊन तारे मोजले. सप्तर्षींपैकी मंद तेजाचा अत्री कसाबसा दिसला. वसिष्ठाशेजारची अरुंधती मात्र दिसली नाही. ध्रुव पुण्याच्या मानाने सात अंशांनी वर चढलेला, हे पाहून मौज वाटली. परंतु ज्या आकाशात अरुंधती दिसत नाही तेथे दुर्बीण मांडण्यात अर्थ नव्हता.

याच दरवाज्याबाहेरच्या रात्रीची एक हकिगत इतिहासात नोंदलेली आहे. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीस वेढा घातला. ३१ मार्चच्या संध्याकाळी तात्या टोपे कुमक घेऊन बेतवा नदीच्या बाजूने आले आणि आपण आल्याची खूण म्हणून त्यांनी एक प्रचंड होळी पेटवली. ती शहरातून दिसली, तटावरच्या लोकांनी जयघोष केला, तोफा डागल्या. मला कुतूहल वाटले, की त्या संध्याकाळी आकाश कसे होते? गणित अवघड नाही. १५ मार्चला अमावास्या होती. त्या दिवशी इंग्लंडात सूर्यग्रहण दिसले होते. तेव्हा चैत्री पौर्णिमा ३० मार्चच्या आसपास येते आणि ३१ला चंद्र सूर्यास्तानंतर तासा-सव्वातासाने उगवतो. संधिप्रकाश विरून चंद्र वर येईपर्यंत जो थोडा काळोख मिळतो, त्यात मैलोगणती दूरची आग दिसण्यास कसलीच आडकाठी नव्हती. दुसऱ्या दिवशी तात्यांचा पराभव झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत राणीसाहेब ज्या रात्री शहर सोडून काल्पीकडे निघाल्या, त्या रात्री चंद्र आणखी उशिरा उगवणारा होता. ही तिथी त्यांनी मुद्दाम निवडली असे मी म्हणत नाही. तिथी निवडण्याइतकी उसंत कोणाला होती? पण पूर्वरात्रीच्या अंधाराचा उपयोग झाला असेलच.

वरसईचे विष्णुभट गोडसे या वेढ्यात झाशीत अडकले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना प्रकर्षाने जाणवते, की त्या काळच्या शहरात रात्र म्हणजे खरोखरच रात्र होती. दिवा ही घरातली वस्तू होती, आकाशातली नव्हे. त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोनातीचा लांब शेपटीचा धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. लक्ष्मी तलावाच्या काठावरून तो पाहण्यास झाशीत माणसे किती उरली होती, हा प्रश्न निराळा.

नगर आणि तारे यांचे वैर मात्र त्याहून जुने. पॅरिसची वेधशाळा १६६७ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्या शहराच्या रस्त्यांवर कंदील टांगण्याची व्यवस्था सुरू झाली! तेलाच्या कंदिलांनी फारसे बिघडले नाही. विजेने बिघडले. लंडनचा उजेड आणि धूर असह्य होऊन ग्रिनिचच्या ज्योतिषांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हर्स्टमन्सू येथे मुक्काम हलवला. आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय निरीक्षण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली अलिबागेस गेले. तेथे प्रश्न प्रकाशाचा नव्हता. परंतु शहराला भिऊन पळालेली आपल्याकडची पहिली वेधशाळा म्हणून मी तिची गणना करतो.

हौशी निरीक्षकांचीही तीच कथा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. हौशी लोकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. तिची वेधशाळा टिळक रस्त्यावर, आज भर वस्तीत आहे. मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास खगोल मंडळ निघाले, तेव्हा त्याची मंडळी रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकलगाडीने वांगणीला जात. पुढे वांगणीलाही दिवे आले. पुण्याच्या आयुकाने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू केली, ती शहरापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, गिरवलीच्या डोंगरावर. आणि २०२४च्या जानेवारीत पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळवणारे ते देशातले पहिले ठिकाण. वाघाच्या आश्रयाने अंधार टिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान गावी तलावाकाठी दिवे बसवण्याच्या प्रस्तावावर माझीच सही होती. मागणी बायकांची होती. अंधारात त्या वाटेने येण्याची त्यांना भीती वाटे. ती सही मी आजही करीन. परंतु दिव्याचे तोंड खाली असावे, वर टोपी असावी, निळसर पांढऱ्या उजेडाऐवजी पिवळसर उजेड घ्यावा, या गोष्टी त्या कागदांत कोठेच नव्हत्या आणि मलाही त्या सुचल्या नाहीत. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. वाटेवर पडावयाचा उजेड ढगांवर पडला, आणि मला तारांगणाचा नाद आहे हे कार्यालयात सर्वांना ठाऊक होते!

असो. झाशीभोवती अंधार शोधण्यास मी नकाशा घेऊन बसलो. सोळा-सतरा किलोमीटरांवरच्या ओरछात राजवाड्यांवर प्रकाशझोत असतात. नदीपलीकडे अभयारण्य आहे, पण तेथे रात्री राहण्यास परवानगी हवी. कानपूरच्या वाटेवर पारीछाचे वीजघर, तेव्हा ईशान्य दिशा बाद. राहिला बरुआसागरचा जुना तलाव. अशा शोधात एक गोष्ट ध्यानात येते, की काळोख उरतो तो पाणी, खडक, रान आणि पडके वाडे यांच्या आश्रयाने, म्हणजे जेथे कोणी घर बांधीत नाही अशा जागी. बुंदेलखंडात या चारही वस्तूंची वाण नाही. बरुआसागरच्या काठी फेब्रुवारीतल्या एका रात्री अरुंधती सहज दिसली, कृत्तिकांचे सात तारे मोजता आले, आणि दक्षिणेस क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर अगस्ती दिसला. पुण्यास तो एकोणीस अंश चढतो. सोबत आलेल्या आमच्या शिपायाने आकाशगंगेकडे बोट करून, ढग आले, आता निघावे, असे सुचवले. त्याचे वय पंचवीस, जन्म झाशी शहरातला.

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बेतवाकाठी गेलो. तात्यांनी होळी पेटवली ती नेमकी जागा मला ठाऊक नाही; केवळ ती वेळ तेवढी अनुभवावी, ही इच्छा. सूर्य मावळला, संधिप्रकाश गेला. पश्चिमेस झाशीच्या दिशेने क्षितिजावर एक फिकट घुमट उभा होता, हात लांब करून धरलेल्या मुठीहून उंच. त्या घुमटाखालच्या माणसाला इकडची आग दिसली असती काय, याचा अंदाज घेत मी तेथे उभा होतो. तासाभराने पाठीमागे चंद्र उगवला आणि माझी सावली वाळूवर पडली. पश्चिमेचा घुमट होता तसाच राहिला.