हवापालटाची वाट

सुट्टी लागली की कोठे जावे, हा प्रश्न आज घरोघर चर्चिला जातो. डोंगर की समुद्र, असे घरात दोन पक्ष पडतात आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते. युरोपातील कुटुंबापुढे हाच प्रश्न बर्फ की वाळू अशा रूपाने उभा राहतो. माणूस आपल्या आवडीप्रमाणे ठिकाण निवडतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण इतिहास काही निराळेच सांगतो. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागाचा गेल्या दोनशे वर्षांचा वृत्तान्त पाहिला, म्हणजे येथील माणसाच्या सुट्टीचे ठिकाण त्याच्या आवडीपेक्षा वाटेनेच अधिक वेळा ठरविले आहे, असे दिसून येते. जी वाट उघडली, तिकडे तो गेला. जी बंद झाली, तिच्या तोंडाशी तो थांबून राहिला.

हवापालट ही कल्पना मुळात वैद्यकाची. इंग्लंडमध्ये १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाचे औषधी गुण प्रतिपादन केले आणि ब्रायटन हे कोळ्यांचे गाव रोग्यांच्या व पुढे श्रीमंतांच्या वर्दळीने गजबजू लागले. परंतु सामान्य लंडनकर तेथे जाऊ लागला तो १८४१ साली आगगाडी सुरू झाल्यावर. आल्प्स पर्वतातील दाव्होस येथे प्रथम क्षयरोगी गेले. बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळणारे हौशी लोक त्यांच्या मागून आले. हिंदुस्थानात इंग्रजांनी महाबळेश्वर, माथेरान, दार्जिलिंग ही ठिकाणे वसविली, त्यांच्या मुळाशीही आजारी शिपाई व थकलेला अधिकारी यांचीच चिंता होती. आधी वैद्य, मग रस्ता आणि शेवटी हौस, असा हा क्रम सर्वत्र दिसतो.

बेळगावची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेले असून त्याची हवा मुळातच थंड. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन तापले तरी संध्याकाळी वळवाची एखादी सर येऊन जाते. पूर्वेकडच्या विजापूर भागातील माणसाला बेळगाव हेच थंड हवेचे ठिकाण वाटले तर नवल नाही. म्हणजे बेळगावकराला डोंगर शोधण्याचे कारण नव्हते. त्याला जे घरी मिळत नव्हते, ते घाटाखाली होते : समुद्र, आंबा, फणस आणि नातेवाईक.

निसर्गानेही या प्रदेशाचे तोंड दोन्ही दिशांना ठेवले आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. तर त्याच तालुक्याच्या रानात जन्मलेली म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला भेटते. उलट कोकणाच्या माथ्यावर, आंबोलीस निघालेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत बेळगाव जिल्ह्यात उतरते आणि घटप्रभेस मिळते. जिथे नद्यांनीच सरहद्दी मानल्या नाहीत, तिथे माणसांचे जाणे-येणे असणे स्वाभाविकच होते.

तथापि पूर्वी या जाण्या-येण्याला कोणी सुट्टी म्हणत नसे. शेतकऱ्याची विश्रांती पिकाच्या चक्राशी बांधलेली आणि तिचे ठिकाण देवाने ठरविलेले. निपाणीच्या परिसरात तंबाखूचे पीक हातावेगळे झाले, की चैत्री पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर. माघात चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लमा. समुद्र पाहावयाचा तर त्यालाही देवाचेच निमित्त लागे. देवगडजवळ अगदी लाटांच्या काठी उभ्या असलेल्या कुणकेश्वराला महाशिवरात्रीस घाटमाथ्यावरून माणसे उतरत. निपाणीहून राधानगरीमार्गे फोंडाघाट उतरून देवगडकडे जाणारी वाट होती, म्हणून निपाणीकराचा समुद्र देवगडचा आणि बेळगावकराचा वेंगुर्ल्याचा. ही वाटणी घाटांनी केली.

वेंगुर्ले हे बंदर जुने. डचांनी १६३८ साली तेथे आपली वखार घातली. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून ते इंग्रजांकडे आले आणि सहा वर्षांनी, १८१८ च्या एप्रिलमध्ये, बेळगावचा किल्लाही मन्रोच्या फौजेने घेतला. बेळगावास लष्करी छावणी पडली. छावणीला दारूगोळा, कापडचोपड, औषधे लागत; ती मुंबईहून जहाजाने वेंगुर्ल्यास उतरत आणि घाट चढून वर येत. प्रारंभी ही वाहतूक रामघाटाने होई. तो चढ इतका अवघड, की बैलांच्या व माणसांच्या श्रमांना अंत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली-आंबोलीचा घाटरस्ता तयार झाला, तेव्हा ही वाट खऱ्या अर्थाने गाडीवाट झाली. वर मीठ, नारळ आणि सुकी मासळी चढू लागली. खाली धान्य, गूळ, कापूस आणि तंबाखू उतरू लागली. मुंबईहून बेळगावास येणारा प्रवासीही आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरून बैलगाडीने घाट चढत असे.

या रस्त्यानेच आंबोलीला जन्म दिला, असे म्हटले तरी चालेल. घाटाच्या माथ्यावर विसाव्याची जागा हवी होती. सावंतवाडीचे पोलिटिकल सुपरिंटेंडेंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तेथील हवा व रान पाहून त्या जागेचे थंड हवेच्या ठिकाणात रूपांतर करण्याचा उद्योग आरंभिला. खालचा उकाडा सहन न होणारे सावंतवाडीकर तेथे चढून येत. बेळगावच्या छावणीतील साहेब शिकारीसाठी आणि विश्रांतीसाठी तेथवर जात. परंतु आंबोलीला दोन अडचणी होत्या. एक पावसाची. तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि जूनपासून चार महिने धुक्यापलीकडे काही दिसत नाही. दुसरी अडचण अंतराची. माथेरान मुंबईच्या दाराशी होते, आंबोली नव्हती. मुंबईचा पैसा माथेरानला गेला आणि आंबोली लहानच राहिली.

त्यातच आगगाडी आली. इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात १८७८ साली झालेल्या तहानंतर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील कॅसल रॉकपर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला आणि १८८८ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. इकडे सदर्न मराठा रेल्वेने लोंढ्याशी बेळगाव जोडले गेले. दूधसागरचा धबधबा डब्याच्या खिडकीतून पाहत बेळगावकर थेट समुद्रावर पोहोचू लागला. वेंगुर्ल्याचा व्यापार त्या दिवसापासून ओसरला. ज्या धक्क्यावर छावणीचा माल उतरत असे, तेथे मुंबईच्या आगबोटीचे उतारू तेवढे राहिले. वेंगुर्ल्याची वाळू बदलली नव्हती, पाणी बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ वाट.

गोव्यात त्या वेळी हवापालटाचा स्वतःचा रिवाज होता. सुखवस्तू घराणी मे महिन्यात कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यांवर घर घेऊन समुद्रस्नानासाठी राहत. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या ज्या शब्दाने ते या रिवाजाचा उल्लेख करीत, त्या ‘मुदांसा’ शब्दाचा अर्थही ‘बदल’ एवढाच. बेळगावचे मराठी कुटुंब मात्र घर भाड्याने घेत नसे. ते आजोळी जाई किंवा कुलदैवताला जाई. बेळगावच्या कित्येक सारस्वत घराण्यांची कुलदैवते मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशी गोव्यातच. कॅसल रॉकला एक सरकार सामान तपासी, कुळ्याला दुसरे. मुलांच्या दृष्टीने तीही मौजच. मृग लागण्याच्या आत परत फिरावयाचे, हा दंडक होता. कारण एकदा पावसाळा सुरू झाला, की दर्या खवळे, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राशी व्यवहार बंद.

याच विश्रांतीच्या निमित्ताने १९४६ च्या जूनमध्ये एक पाहुणा गोव्यात आला. दीर्घ तुरुंगवासानंतर प्रकृती खालावलेले डॉ. राममनोहर लोहिया आपले स्नेही डॉ. ज्युलिआंव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी आरामासाठी उतरले. तेथे त्यांना जे ऐकावयास मिळाले, त्याने आराम बाजूला राहिला आणि १८ जून रोजी मडगावच्या सभेत त्यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. हवापालटासाठी केलेल्या प्रवासाने इतिहासाची हवा पालटल्याचे असे उदाहरण विरळाच.

पुढे मुक्तीचा लढा वाढत गेला. बेळगाव हे त्याचे एक ठाणेच बनले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला, रक्त सांडले आणि त्यानंतर भारत व गोवा यांच्यामधील रहदारी जवळजवळ बंद पडली. कॅसल रॉकच्या पुढे गाडी जाईना. या बंदीचे राजकीय कारण योग्यच होते आणि सीमाभागाने ते मनापासून मानले. परंतु त्याची किंमतही येथील घरांनीच दिली. घाटाच्या एका बाजूस लेक, दुसऱ्या बाजूस आई. एका बाजूस घर, दुसऱ्या बाजूस कुलदेवता. सहा वर्षे उन्हाळे आले आणि गेले. समुद्र जाणाऱ्याला पुन्हा वेंगुर्ले, शिरोडे, मालवण किंवा कारवार आठवले. ओस पडत चाललेल्या जुन्या वाटेवर पुन्हा पावले पडू लागली. शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची आठवण होती आणि तेथे अठरा वर्षे शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांचेही नाव होते. कारवारच्या किनाऱ्यावर १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपल्या न्यायाधीश बंधूंकडे राहून गेले होते. नाइलाजाने निवडलेली ही ठिकाणे काही कमी प्रतीची नव्हती, हे अनेकांना तेव्हा उमगले.

याच काळात दुसरी एक रेषा आखली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. चंदगड तालुका मात्र बेळगाव जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात गेला. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर हिंडलगा मागे टाकून शिनोळी आली की राज्य बदलू लागले. येथील मराठी माणसाने या रेषेविरुद्ध चळवळ केली, तुरुंगवास सोसला. तो प्रश्न पुढे न्यायालयाच्या दारी गेला. मात्र या रेषेने वाट अडविली नाही. आंबोलीकडे जाणारी मोटार शिनोळीला थांबली नाही, आणि चंदगडचा माणूस बाजारासाठी बेळगावास येतच राहिला. बंद पडलेली वाट आणि केवळ रेषा ओलांडणारी वाट यांतील भेद सीमाभागाने त्या काळात एकाच वेळी अनुभवला.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्याची सतरावी डिव्हिजन बेळगावात जमा झाली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि बंद वाट मोकळी झाली. पहिल्या उन्हाळ्यात खाली उतरलेल्या कित्येकांना समुद्रापेक्षा माणसांचीच ओढ अधिक असली पाहिजे. पुढे गोव्याचा किनारा जगाच्या नकाशावर गेला. परदेशी भटके आले, १९७० नंतर मोठी हॉटेले उभी राहिली, १९८७ पासून युरोपातून खास विमाने उतरू लागली. बेळगावकर ज्या किनाऱ्यावर आत्याकडे राहून पोहावयास जात असे, तेथे खोलीचा दर विचारण्याची वेळ आली.

आज चोर्ला घाटाने बेळगावचे कुटुंब सकाळी निघून दुपारच्या जेवणाला समुद्रकाठी पोहोचते. निपाणीहून देवगड, संकेश्वरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी, हे सारे रस्ते खुले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून मान मिळाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला. बैल, तह, जकात किंवा परवाना यांपैकी काहीही आता आड येत नाही. म्हणजे दोनशे वर्षांत प्रथमच निवड खरोखरी माणसाच्या हाती आली आहे.

तरीही बहुसंख्य लोक एकाच किनाऱ्यावर गर्दी करतात, कारण इतर सर्व तेथेच जातात. पूर्वी वाट माणसाला नेत होती, आता गर्दी नेते, एवढाच काय तो फरक. जुनी माणसे मात्र आजही कुलदैवताला जाऊन येतात, आरवलीच्या वेतोबासमोर उभी राहतात, शिवरात्रीला कुणकेश्वर गाठतात आणि येताना आंबोलीला घटकाभर थांबून हिरण्यकेशीच्या उगमाचे पाणी डोळ्यांना लावतात. त्यांच्या प्रवासात समुद्रही असतो, डोंगरही असतो. पण त्यांनी ठिकाण निवडलेले असते ते तेथे कोण आहे हे पाहून. ज्यांच्या वाडवडिलांना सहा उन्हाळे घाटमाथ्यावर थांबावे लागले, त्यांनी मोकळ्या वाटेवर पाऊल टाकताना तेवढे विचारून घ्यावे.