पत्र्याचा डबा आणि विमानाची वाट

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान उडवले. विमानात सुमारे पंचवीस किलो टपाल होते. दुपारी दोनच्या सुमारास ते मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्टसेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा कोणताही इतिहास या दिवसाला वगळून लिहिता येत नाही.

कराची आणि मुंबई यांच्या मध्ये जे. आर. डी. अहमदाबादला थांबले होते. बर्मा-शेल कंपनीने चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे तिथे बैलगाडीतून आणले होते. ते विमानाच्या टाकीत ओतले गेले आणि विमान पुढे निघाले. हा प्रसंग सांगताना सहसा एक ठरलेला सूर लागतो. एकीकडे विसाव्या शतकाचे विमान, दुसरीकडे हजारो वर्षांची बैलगाडी; बघा, देश कसा दोन युगांत उभा होता! चित्र म्हणून हे आकर्षक आहे. इतिहास म्हणून मात्र ते दिशाभूल करते, असे माझे मत आहे. ती बैलगाडी विमानाच्या विरुद्ध टोकाला उभी नव्हती. विमान ज्या व्यवस्थेवर उडत होते, त्या व्यवस्थेचा ती शेवटचा दुवा होती. ही व्यवस्था विमानासाठी कोणी उभारली नव्हती. ती घरातल्या दिव्यासाठी उभी राहिली होती.

यासाठी पेट्रोल बाजूला ठेवून आधी रॉकेलकडे जावे लागते. 'रॉक ऑइल'चे मराठीत रॉकेल झाले, ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरून, दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून, जहाजाने आशियात येई. १८९२ साली मार्कस सॅम्युअल यांची 'म्यूरेक्स' ही टाकीबोट रशियन रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेली. आता तेल सुटे येऊ लागले. सॅम्युअल यांचा अंदाज होता की लोक आपापली भांडी घेऊन तेल न्यायला येतील. लोकांना मात्र तेलाबरोबर डबाही हवा होता. मग पत्रा आणून पूर्वेकडच्या बंदरांतच डबे तयार होऊ लागले. स्टँडर्डचा डबा निळा, तर सॅम्युअल यांचा लाल. याच व्यापारातून पुढे शेल कंपनी उभी राहिली, आणि १९२८ साली भारतातल्या विक्रीसाठी बर्मा ऑइल व शेल एकत्र येऊन बर्मा-शेल झाली.

लोकांना डबा का हवा होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. वरचा पत्रा कापून आत आडवी लाकडी दांडी ठोकली, की पाण्याचा डबा झाला. असे दोन डबे कावडीला लावले, की पाणक्याचा धंदा उभा राहिला. त्यात धान्य राहिले, तुळस लागली, आणि ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांची छपरे झाली. वापरून टाकून द्यावी अशी ही वस्तू नव्हती. म्हणूनच तेल कंपनीचा माल जिल्ह्याच्या गावापर्यंत आणि तिथून बाजाराच्या गावापर्यंत सहज पोचत होता. बंदर, रेल्वेचा डबा, स्थानकाजवळचे गोदाम, अडत्या, बैलगाडी ही साखळी दोन पिढ्या अखंड चालू होती. मोटारी आल्यावर पेट्रोलही त्याच मापाच्या डब्यात, त्याच साखळीतून जाऊ लागले. विमान आले तेव्हा कंपनीला फक्त एवढेच ठरवायचे होते, की कोणत्या मैदानावर कोणत्या तारखेला किती डबे ठेवायचे.

डब्याचा पत्रा कुठून येई, हाही प्रश्न विचारायला हवा. पहिल्या महायुद्धापर्यंत कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा प्रामुख्याने वेल्समधून येत असे. १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटांची पोलाद कंपनी यांनी मिळून जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे टिनप्लेट कंपनी काढली. पोलाद टाटांचे, आणि मोठे गिऱ्हाईक तेल कंपनीच. वेल्समधून जाणकार कामगार आणले गेले. त्यांच्या हाताखाली इथले कामगार भट्टीतून निघालेले लालबुंद पत्रे चिमट्यांनी धरून लाटण्यांमधून पुन्हापुन्हा काढण्याचे काम शिकले. जमशेदपूरचा उन्हाळा आणि त्यात भट्टीची धग. १९२९ साली या कामगारांनी दीर्घकाळ संप केला, आणि सुभाषचंद्र बोस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. या दोन घटना एकाच पानावर सहसा येत नाहीत. एक उद्योगपतीच्या चरित्रात जाते, दुसरी कामगार चळवळीच्या इतिहासात. डब्याचा माग काढत गेले, की दोन्ही एकाच वाटेवर भेटतात.

आता मैदानावर येऊ. चार इम्पीरियल गॅलन म्हणजे सुमारे १८ लिटर, आणि पेट्रोलचे वजन साधारण १३ किलो. टाकीत तीस गॅलन भरायचे तर आठ डबे फोडायला लागत. विमानाची टाकी पंखात, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर. तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरे. त्यामुळे एकाने खोक्यावर किंवा शिडीवर चढायचे, दुसऱ्याने डबा वर द्यायचा. डब्याला दोन भोके पाडायची, एक ओतायला आणि एक हवा आत जायला. नाहीतर पेट्रोल गचके देत सांडते. खाली इंजिन नुकतेच बंद झालेले, तापलेले. विडी ओढणारा कोणी जवळपास नाही ना, हे पाहायची जबाबदारीही त्याच दोघांची.

खरा धोका पाण्याचा. रात्रीच्या गारव्यात डब्याच्या आतल्या बाजूस दव धरते. डब्याचा सांधा सैल असेल तर पाऊसही आत जातो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. जमिनीवर मोटार बंद पडली तर माणूस खाली उतरतो. हवेत इंजिनाच्या नळीत चमचाभर पाणी गेले, तरी खाली कुठे शेत आहे हे शोधावे लागते. म्हणून त्या काळचे वैमानिक नरसाळ्यात शॅमॉयचे मऊ कमावलेले कातडे घालून पेट्रोल गाळून घेत. आधी पेट्रोलने भिजवलेल्या या कातड्यातून पेट्रोल झिरपते, पाणी वरच अडते. काम सावकाशीचे. आठ डबे कातड्यातून गाळायला लागणारा वेळ उड्डाणाच्या वेळापत्रकात धरावाच लागे. उन्हात उभे राहून ते नरसाळे धरणाऱ्याच्या सबुरीवर वैमानिकाचा जीव अवलंबून होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

डबा वेळेवर हाताशी नसला तर काय होई, ते ॲमी जॉन्सन यांच्या प्रवासात दिसते. ५ मे १९३० रोजी त्या जिप्सी मॉथ विमानातून लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकट्या निघाल्या आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचल्या. भारत ओलांडताना त्यांना अलाहाबाद गाठायचे होते. पेट्रोल पुरेना. शेवटी त्या झाशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरल्या आणि त्यात विमानाचा पंख दुखावला. जॉन्सन स्वतः परवानाधारक विमान-तंत्रज्ञ होत्या. हे यंत्र त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही नकाशावर एका डब्याच्या ठिकाणापासून दुसऱ्या डब्याच्या ठिकाणापर्यंतच वाट असते, हा नियम त्यांनाही चुकला नाही.

टाटांच्या हवाई टपालाचे यश याच नियमाच्या पालनात होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवला जाई. पहिल्या वर्षात त्यांच्या विमानांनी १,६०,००० मैल अंतर कापले आणि कंपनीला ६०,००० रुपये नफा झाला. गॅलनला वीस मैल असा ढोबळ हिशेब धरला, तर हे आठ हजार गॅलन पेट्रोल होते. डब्यांच्या मापात दोन हजार डबे. प्रत्येक डबा कोणीतरी उचलला, वाहिला, फोडला आणि ओतला. या सेवेची ख्याती झाली ती वक्तशीरपणासाठी. वक्तशीरपणा म्हटला की वैमानिकाचे कौशल्य आणि व्यवस्थापकाची शिस्त आठवते. विमान येण्याआधी मैदानावर पोचलेल्या गाडीवानाचा वक्तशीरपणा त्यात मोजला जात नाही.

या डब्याचे दोषही होते. पातळ पत्रा, हलके सांधे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजांचे पेट्रोल या डब्यांतून इतके गळून गेले, की सैनिकांनी त्याला 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, असेच नाव दिले. जर्मनांकडे १९३०च्या दशकात तयार झालेला २० लिटरचा जाड पत्र्याचा कॅन होता. वर तीन मुठी, त्यामुळे तो एकट्याला किंवा दोघांना मिळून उचलता येई. तोंडाला घट्ट झाकण, त्यामुळे नरसाळ्याची सक्ती नाही. ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी त्याची नक्कल केली, आणि जर्मनांच्या 'जेरी' या टोपणनावावरून त्याला जेरीकॅन म्हणू लागले. घरगुती तेलाच्या व्यापारातून आलेला डबा मागे पडला आणि युद्धासाठी घडवलेला कॅन पुढे आला. मोठ्या विमानतळांवर टँकर आणि जमिनीखालच्या टाक्या आल्यावर प्रवासी विमानांचा डब्याशी संबंध संपला.

हलक्या विमानांचा मात्र तो संपलेला नाही. आजची कित्येक मायक्रोलाइट विमाने रोटॅक्स ९१२ इंजिनावर उडतात, आणि हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते. म्हणून कॅन घेऊन पंपावर जाणारा वैमानिक जगभर दिसतो. आपल्याकडे १९३४चा पेट्रोलियम कायदा आडवा येतो: विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येते. तेवढ्यात जुने डबे दोनही पुरते भरत नाहीत. त्यात आता इथेनॉलची भर. भारतात पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. शिवाय इथेनॉल पाणी स्वतःत मिसळून घेते. मिसळलेले पाणी कातड्याने अडत नाही. म्हणून वैमानिक खुणा केलेल्या काचेच्या नळीत थोडे पाणी घेतो, त्यावर पेट्रोल ओततो आणि हलवून ठेवतो. पाण्याची रेघ वर चढली, तर तितके इथेनॉल. नव्वद वर्षांत प्रश्न बदलला, पण डबा उघडल्यावर आत नक्की काय आहे हे पाहिल्याशिवाय उडायचे नाही, ही रीत तीच राहिली.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकदा केले. वैमानिकाचे नाव, विमानाचा प्रकार, निघण्याची आणि पोचण्याची वेळ हे सगळे दोन्ही उड्डाणांबाबत नोंदले गेले आहे आणि ते योग्यच आहे. अहमदाबादच्या गाडीवानाचे, डबा वर देणाऱ्याचे, गोलमुरीच्या भट्टीपुढे पत्रा लाटणाऱ्याचे नाव त्या नोंदीत नाही. ती नावे आता परत मिळवता येणार नाहीत. पण त्यांचे काम इतिहासात त्याच्या जागी ठेवता येते. त्यासाठी बैलगाडीकडे गमतीचे दृश्य म्हणून पाहणे सोडावे लागेल, आणि हवाई मार्गाचा नकाशा काढताना तेलाच्या गोदामांपासून निघणारे कच्चे रस्तेही त्यावर आखावे लागतील.