अंथरुणातून उठवण्याचा इतिहास

‘ऑपरेशन यशस्वी झाले, पण आजोबा पूर्वीसारखे राहिले नाहीत.’ पिंजौर असो वा सातारा, वृद्ध माणसांच्या घरांत हे वाक्य ऐकू येते. त्यामागे बहुधा एक जुना समज असतो: वृद्ध रुग्णाने जितके पडून राहावे तितके हितकर.

या समजाला मोठा धक्का दिला तो डॉ. मार्जरी वॉरन यांनी. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले शेकडो रुग्ण त्यांच्याकडे सोपवण्यात आले. प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून त्यांनी अनेकांना पुन्हा चालते केले. पुष्कळांना वार्धक्यापेक्षा खाटेनेच जखडले होते. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. पुढे हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यविशारद मायकेल डेव्हस आणि वृद्धरोगतज्ज्ञ रॉबर्ट अर्विन यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवर एकत्र उपचार सुरू केले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उभे करणे, हा त्यांचा आग्रह होता.

मेंदूचा प्रश्न उरलाच. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढील १,२१८ रुग्ण होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के, तर तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के रुग्णांची स्मरणशक्ती वा एकाग्रता घटलेली आढळली. याहून वेगळा विकार म्हणजे अचानक उद्भवणारा भ्रम. घरात त्याला ‘वात झाला’ म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील डॉ. शॅरन इनोये यांनी औषधोपचारांसाठी दाखल झालेल्या सत्तरीपुढील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. चष्मा व श्रवणयंत्र, पुरेसे पाणी, शांत झोप, रोजचे चालणे आणि संवाद यांकडे लक्ष दिल्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांऐवजी सुमारे १० टक्के राहिले. शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही पुढे हे उपाय आले.

भारतात हा विचार सावकाश रुजला. पिंजौरनजीकच्या चंडीगडात १९६२ मध्ये पीजीआय स्थापन झाली. त्यानंतर १६ वर्षांनी, १९७८ मध्ये, मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आला आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्याच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक ठरले.

आपल्याकडे रुग्णाच्या खाटेशेजारी बहुधा घरचे माणूस बसलेले असते. तेच मायेने म्हणते, ‘उठू नका, पडून राहा.’ डॉक्टरांनी उठण्यास अनुमती दिल्यावर त्याच माणसाने हात पुढे करून चार पावले चालवले, तर तो उपचाराचाच भाग होय.