वेदनाशामक औषधाविना बाळंतपण, पण रुग्णालयातच : तयारी कशी करावी?

ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली येथील सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत नॉर्मल बाळंत होणाऱ्या बहुतेक स्त्रिया वेदनाशामक औषधाविनाच बाळंत होतात. 'तुला असे चालेल का?' हे मात्र त्यांना कुणी विचारलेले नसते. पाठीच्या कण्याजवळ इंजेक्शन देऊन कळांची वेदना कमी करण्याची सोय, म्हणजे एपिड्यूरल, प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत आणि जादा पैसे मोजल्यावर मिळते. त्याच वेळी शिकलेल्या, नोकरदार तरुण जोडप्यांमध्ये 'नॅचरल बर्थ'ची चर्चा वाढली आहे. म्हणजे एकाच शहरात एकीची जी निवड आहे, तो दुसरीचा नाइलाज आहे.

हा लेख दोघींसाठी आहे. औषध न घेता बाळंत व्हायचे कुणी ठरवले असेल किंवा परिस्थितीने तसे व्हावे लागणार असेल, तरी तयारी सारखीच लागते. ही तयारी शरीराची आहे, सोबतीची आहे, कागदपत्रांची आहे आणि प्रश्न विचारण्याची आहे.

'औषधाविना' म्हणजे नेमके काय?

याचा अर्थ दोनच गोष्टी. पहिली, कळांची वेदना मारणारे औषध न घेणे. दुसरी, वैद्यकीय कारण नसताना कळा वाढवण्याचे सलाईन लावून न घेणे. सगळीच औषधे नाकारणे हा त्याचा अर्थ नाही.

बाळ जन्मल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि जास्त रक्तस्राव टळतो. बाळंतपणातील मृत्यूंच्या प्रमुख कारणांत अतिरक्तस्राव आहे, म्हणून हे इंजेक्शन घ्यायचेच. बाळाला व्हिटॅमिन के, हिपॅटायटिस बी, बीसीजी आणि पोलिओचे डोस द्यायचेच. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागते. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असेल, तर मॅग्नेशियम सल्फेट जीव वाचवते. 'आम्हाला नैसर्गिक हवे' म्हणून यातले काहीही टाळू नये.

आपल्या आज्या काय करत होत्या?

'पूर्वी घरातच होत होते की' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणपणाचे काम दलित जातींतील स्त्रियांकडे होते. बाळंतपणाला विटाळ मानले गेले, म्हणून ते काम आपल्या आज्यांच्या वाट्याला आले. उकिडवे बसवणे, कंबर चोळणे, शेक देणे, सतत बोलत राहणे हे त्यांचे खरे कौशल्य होते. पण अंगावरून रक्त थांबेनासे झाले किंवा बाळ आडवे असले, तर त्यांच्या हातात काहीच नव्हते. त्या काळी किती माता आणि बाळे गेली, हेही आठवावे. म्हणून कौशल्य आज्यांचे घ्यावे, जागा मात्र रुग्णालयाचीच असावी.

कुणी आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे?

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असणे, तीव्र रक्तक्षय, मधुमेह, जुळी बाळे, पायाळू किंवा आडवे बाळ, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, आधीचे सिझर, हृदयविकार किंवा सिकलसेल, यातले काहीही असेल तर निर्णय एकटीने किंवा घरच्यांनी घेऊ नये. आधीच्या सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण अनेकींना शक्य असते, पण ते चोवीस तास ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच.

गरोदरपणातील तयारी

१२ आठवड्यांच्या आत जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवा आणि माता व बाल संरक्षण कार्ड घ्या. किमान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे.

हिमोग्लोबिनकडे सर्वाधिक लक्ष द्या. ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली बाई लवकर थकते आणि थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही. लोहाच्या गोळ्या रोज घ्या. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. कडधान्ये, पालेभाज्या, अंडी, मासे, मटण जे परवडेल ते खा.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चाला. आधार धरून उकिडवे बसण्याचा, भिंतीला टेकून थोडे खाली वाकण्याचा सराव करा. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपा. श्वासाचा सरावही आत्ताच सुरू करा. नाकाने हळू आत, तोंडाने त्याहून हळू बाहेर. आनापानाची सवय असलेल्यांना हे सोपे जाईल. कळ साधारण एक मिनिट टिकते आणि मग विश्रांती मिळते. त्या एका मिनिटापुरते श्वासाकडे लक्ष ठेवायचे, पुढच्या कळेची चिंता आत्ता करायची नाही.

सोबतीण हे सर्वांत मोठे वेदनाशामक

१७ देशांतील २६ अभ्यासांचा, म्हणजे १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनुभवाचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासोबत सतत कुणीतरी होते, त्यांच्यात नॉर्मल बाळंतपणे जास्त झाली, सिझर कमी झाले, वेदनाशामकांची गरज कमी पडली आणि कळांचा काळही कमी झाला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे आणि उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. जिथे पडदे लावून खासगीपणा राखला जातो, तिथे पतीलाही परवानगी देता येते. प्रत्यक्षात गर्दीच्या लेबर रूममध्ये 'बाहेर थांबा' असेच ऐकावे लागते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच सिस्टरशी बोलून ठेवा आणि सोबतिणीला तपासणीला घेऊन जा, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो.

आई, सासू, मोठी जाऊ, बहीण कुणीही चालेल. फक्त ती घाबरणारी आणि रागावणारी नसावी. तिचे काम कंबर दाबणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, पाणी पाजणे, चालायला हात देणे, लघवीची आठवण करणे आणि धीर देणे.

रुग्णालय ठरवताना

कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि ठाण्याचे जिल्हा रुग्णालय ही आपल्या भागातील प्रमुख सार्वजनिक ठिकाणे. गुंतागुंत झाली तर कळवा किंवा मुंबईतील सायन, केईएम, जे.जे. येथे पाठवले जाऊ शकते. कल्याण ते कळवा अंतर सुमारे २० किलोमीटर आहे आणि कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी कुणाला सांगायला नको. दिवा, टिटवाळा, आंबिवली, मोहने येथील कुटुंबांनी रात्रीचा आणि गर्दीच्या वेळेचा असे दोन्ही मार्ग आधी ठरवावेत. १०८ आणि गरोदर मातांसाठी १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक तसेच ओळखीच्या रिक्षावाल्याचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.

खासगीत जाणार असाल तर आणखी एक आकडा माहीत असू द्या. त्याच पाहणीनुसार देशात सार्वजनिक रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. खासगीतले प्रत्येक सिझर अनावश्यक असते असे नाही, पण प्रश्न विचारायलाच हवेत :

- सोबतीण पूर्ण वेळ आत राहू शकेल का?
- कळा येत असताना चालता-फिरता येईल का? पाणी आणि हलके खाणे चालेल का?
- बाळाचे ठोके किती वेळाने तपासता?
- कळा वाढवण्याचे सलाईन सरसकट लावता की कारण पाहून?
- खाली काप देऊन टाके प्रत्येकीलाच घालता का?
- बाळ लगेच आईच्या छातीवर देता का?
- रात्री भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आहे का?
- मध्येच वेदनाशामक हवे झाले तर काय मिळेल, किती खर्च येईल?

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. भिंतीवर ते शोधा.

कळा सुरू झाल्यावर

पहिल्या वेळी सुरुवातीच्या सौम्य कळा कित्येक तास चालू शकतात. फार लवकर दाखल झाले, तर अनावश्यक हस्तक्षेपाची शक्यता वाढते. सर्व ठीक असेल, तर पाच मिनिटांच्या अंतराने, एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. दुसरे बाळंतपण असेल किंवा घर लांब असेल, तर त्याआधीच निघा.

मात्र पाणी जाणे, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, ताप किंवा झटके यातले काहीही झाले, तर कळांची वाट न पाहता लगेच निघा. ३७ आठवड्यांआधी कळा आल्या तरीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार पिशवीचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर खऱ्या जोरदार कळांचा टप्पा धरतात. पहिलटकरणीला तिथून पूर्ण १० सेंटीमीटरपर्यंत साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात. 'तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे' हा जुना नियम आता प्रत्येकीला लावत नाहीत. धोका नसलेल्या स्त्रीला चालू द्यावे, खाऊ-पिऊ द्यावे, सरसकट काप देऊ नये, केस काढू नयेत, एनिमा देऊ नये आणि बाळ बाहेर काढण्यासाठी पोटावर दाब देऊ नये, असे या शिफारशी सांगतात.

पाठीवर आडवे पडणे ही एकच स्थिती नाही. कुशीवर, गुडघे टेकून, उकिडवे किंवा उभे राहूनही बाळंत होता येते. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीत महामाया शालवृक्षाची फांदी धरून उभी असताना झाला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये लिहिले आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेणीतही हा जन्मप्रसंग चितारलेला आहे. लेबर रूममध्ये टेबलावरच झोपायचा आग्रह असेल, तर निदान तोपर्यंतचे तास उभे राहून, चालून काढता येतील का, हे विचारा.

बाळ रडले आणि ठीक असले, तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिले पिवळसर चीक दूध टाकू नये. मध, गुटी, साखरपाणी काहीही देऊ नये.

कागदपत्रे आणि हक्काच्या सोयी

आधार, माता व बाल संरक्षण कार्ड, सर्व रिपोर्ट, रेशन कार्ड, आईच्या नावाचे बँक पासबुक आणि जात प्रमाणपत्राची प्रत एका पिशवीत आठव्या महिन्यातच भरून ठेवा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण मोफत आहे. औषधे बाहेरून आणायला सांगितली, तर चिठ्ठी जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मातांना शहरी भागात ६०० आणि ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू आहेत. त्यामुळे अर्जावर धर्म 'बौद्ध' लिहिला म्हणून लाभ जात नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरे बाळ मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. अर्जासाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटा.

बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायची असेल तर आधी तुमची संमती हवी. कळा चालू असताना घाईत पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. याचा निर्णय गरोदरपणातच करून ठेवा.

बेत बदलला तर

बाळाचे ठोके मंदावले, बाळाने पोटात शी केली, कळा असूनही तोंड उघडेना, रक्तदाब चढला, तर सलाईन किंवा सिझर लागू शकते. अशा वेळी सोबतिणीने तीन गोष्टी विचाराव्यात : कारण काय, थांबलो तर धोका काय, दुसरा मार्ग आहे का? उत्तर मिळाले की निर्णय लवकर घ्यावा. वेदना असह्य झाली म्हणून औषध मागितले, तर त्यातही कमीपणा नाही. 'आमच्या वेळी आम्ही सोसले' असे तिला कुणी म्हणू नये, आणि सिझर झालेल्या सुनेला 'हिला जमले नाही' असेही नाही. ओरडली म्हणून रागावण्याचा अधिकार तर कर्मचाऱ्यांनाही नाही. २०१७ पासूनच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणूक हा लेबर रूमच्या गुणवत्तेचाच भाग मानला आहे.

कार्यकर्त्यांसाठी

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले होते, आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. त्या भूमिकेचे आजचे रूप आपल्या वस्तीत दिसायला हवे. विहारात महिन्यातून एकदा गरोदर महिलांची बैठक घ्या, आशाताईंना बोलवा, अनुभवी बायांना सोबतीण म्हणून तयार करा. रात्री वाहन देऊ शकणाऱ्या आणि रक्तदान करणाऱ्या तरुणांची यादी विहाराच्या फलकावर लावा. सोबतिणीला आत घेत नसतील, तर २०१६ च्या मान्यतेचा दाखला देऊन रुग्णालयाला निवेदन द्या. औषध घ्यायचे की नाही हे प्रत्येक बाई स्वतः ठरवेल. त्या वेळी तिच्याकडे माहिती असावी आणि कुणीतरी तिचा हात धरलेला असावा, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.