गोळी शरीरात शिरल्यावर

नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यापलीकडे, सातपुडा आहे. त्यामागच्या निमाडात १८६० च्या दशकात जेम्स फोर्सिथ हा इंग्रज अधिकारी जमाबंदीचे काम पाहत होता. मध्य भारतातील डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक (१८७१) जंगलाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. मात्र १८६३ मध्येच त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. लांबट गोळी दूरवर जाते, पण जनावराच्या अंगात अरुंद भोक पाडून निघून जाते. फोर्सिथने म्हणून रुंद नळी, गोल गोळी आणि भरपूर दारू यांची बाजू घेतली.

तीस वर्षांनी हीच अडचण लष्करापुढे आली. थ्री नॉट थ्रीची गोळी जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. एवढ्या वेगाने जाताना नळीत शिसे खरवडले जाऊ नये म्हणून तिच्यावर कठीण धातूचे आवरण चढवलेले. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत सैनिकांची तक्रार आली की गोळी आरपार जाते आणि माणूस चालून येतच राहतो. मग कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. मऊ शिसे मांसात शिरताच दाबाने भूछत्रासारखे फुलते. गोळीची रुंदी वाढते, ती लवकर थांबते आणि तिची ताकद बाहेर न जाता शरीरातच खर्च होते.

१८९९ च्या हेग परिषदेने अशी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. तिथे ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिची तरफदारी करताना सुसंस्कृत सैनिक आणि 'रानटी' माणूस असा भेद केला होता. हा भेद कुणाच्या अंगावर बेतला होता, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

शिकारीत मात्र तीच फुलणारी गोळी राहिली, आणि दयेच्या नावाने राहिली. मला हा युक्तिवाद पटतो. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून न्यायला डोली असते, दवाखाना असतो. जनावराला यातले काहीच नसते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत होते. ४३६ बळींचा हिशेब त्या एका फसलेल्या गोळीपासून सुरू होतो.

आज नांदुऱ्याच्या शिवारात प्रश्न रोह्यांचा आणि रानडुकरांचा आहे. रात्रीतून हरभरा आडवा झालेला शेतकरी चिडतो, ते अगदी रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिकांची नासाडी करणाऱ्या अशा प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. पण परवानगीचा कागद हाती आला तरी घरात असते ती फार तर बारा बोअरची बंदूक आणि छऱ्यांची काडतुसे. रोह्याचा मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. पक्ष्यांसाठी असलेले बारीक छर्रे त्याच्या जाड कातडीखाली थोडेसे जाऊन अडकतात. काळजापर्यंत पोचतच नाहीत. तो जागेवर पडत नाही. धुऱ्यावरून उडी मारून नाल्यात उतरतो, आणि सकाळी रक्ताचा माग काढत जायला कुणाला वेळ नसतो.