स्विनफेन चॅरिटेबल ट्रस्ट
दुर्गम, साधने तुटपुंजी असलेल्या भागांतील डॉक्टरांना तज्ज्ञांचा विनामूल्य सल्ला मिळवून देणारी ब्रिटिश धर्मादाय संस्था. लॉर्ड व लेडी स्विनफेन यांनी ती १९९८ मध्ये स्थापन केली. पहिला दुवा १९९९ मध्ये ढाक्याजवळील सावर येथील पक्षाघातग्रस्तांच्या पुनर्वसन केंद्राशी जुळला. कार्यपद्धती अगदी साधी : स्थानिक डॉक्टर रुग्णाची हकिगत, क्ष-किरण चित्रे व डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे इंटरनेटद्वारे पाठवतो आणि त्या विषयातील स्वयंसेवी तज्ज्ञ उत्तर देतो. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नसल्याने मंद इंटरनेटवरही काम भागते. उपचाराची जबाबदारी स्थानिक डॉक्टरकडेच राहते. एकट्याने दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टरला यातून मिळणारे शिक्षण सल्ल्याइतकेच मोलाचे असते. मात्र सुचवलेली तपासणी किंवा औषध तेथे उपलब्ध नसेल, तर सल्ला अपुरा पडतो; त्यामुळे तज्ज्ञाला तेथील साधनांची कल्पना असावी लागते.