वस्तीतला रहदारीचा धूर आणि गोंगाट : अर्ज कुठे आणि कसा करायचा

घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गाला लागूनच आहे. आपल्या कितीतरी वस्त्या अशाच महामार्गाच्या नाहीतर रेल्वेमार्गाच्या कडेला वसल्या, कारण शहरात जागा तिथेच मिळाली. वाहनांच्या धुराचे प्रमाण रस्त्यालगतच्या पहिल्या शे-दीडशे मीटरमध्ये सर्वाधिक असते. म्हणजे ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांच्याच घरात धूर जास्त. म्हणून आम्ही याला नुसता पर्यावरणाचा प्रश्न मानत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल १० ने वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे लक्षात ठेवा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. मोटार वाहन कायद्यात विनाकारण हॉर्न वाजवण्याला कलम १९४ एफ खाली १,००० रुपये, पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे. सायलेन्सर बदलून बुलेट फोडत फिरणाऱ्यांना कलम १९०(२) लागते. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण एकेका गाडीला दंड करून वस्ती शांत होत नाही. खरे हत्यार आहे कलम ११५. या कलमाखाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळेत जड वाहनांना बंदी घालता येते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज वाहतूक पोलीस उपायुक्तांकडे द्या, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. आम्ही पाहिलेले बहुतेक अर्ज ‘त्रास होतो, योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढ्यावर संपतात. अशा अर्जावर आवक शिक्का हीच योग्य कार्यवाही ठरते!

त्याऐवजी आधी मोजणी करा. सकाळी शाळेच्या वेळेला आणि रात्री दहानंतर, सलग सात दिवस, एकेक तास किती ट्रक, डंपर, टँकर गेले ते दोघांनी वहीत लिहायचे. मोबाईलवरचे आवाज मोजणारे अॅप पुरावा म्हणून टिकत नाही, पण अधिकृत मोजणी मागायला तेवढा आधार पुरतो. अर्जात रस्त्याचे नाव, तास, वाहनांची संख्या आणि पर्यायी मार्ग लिहा. तो पर्यायी मार्ग दुसऱ्या एखाद्या वस्तीतून तर जात नाही ना, हे आधी स्वतः फिरून बघा.

पोलीस ठाण्यात हमखास एक प्रश्न येतो : ‘जयंतीच्या डीजेचं काय?’ प्रश्न खोचक असला तरी चुकीचा नाही. ज्या मंडळाने मिरवणुकीत आवाज मर्यादेत ठेवला आहे, त्याच मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा.

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. काहीच हालचाल दिसली नाही तर १० रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात एवढेच विचारा : अमुक तारखेच्या आमच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या दिवशी, काय शेरा लिहिला? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.